मनकर्णा उतरत नाई

ऐक नं डिंपल, मधात बोलू नोको, फोन कानाले लावून ठेव अन् फक्त ऐकून घे, काहून का आता नाई सांगितलं तं माझं पोट फुटन. हाव, जेवली मी. जेवणाचं सोड. मंगळवारची गोष्ट आहे, दुपारची. दुकानात गिऱ्हाईक नाई, कूलरच्या वाळ्याचा ओला ओला वास, अन् बाहेर भंडाऱ्याचं ऊन असं का डांबर चपलेले चिपकून राहिलं. मी काउंटरवर काचा पुसत बसली होती. तेवढ्यात शहापूरची एक बाई आली, ललिताबाई म्हणून, तिचा चष्मा तयार झाला होता. तुले माहीत आहे नं, चष्मा बनला का आम्ही गिऱ्हाइकाले खुर्चीवर बसवतो, नाकावर नीट बसवून देतो, कानामागं रुतते का विचारतो, अन् मग हातात ते अक्षराचं कार्ड देतो, वरची ओळ मोठी, खालची मुंगीएवढी. तं ललिताबाईनं ते कार्ड बाजूले सारलं. म्हणे, "हे तं दिसनच वं, दुकानदाराचंच कार्ड नं ते. मले घरचं काही वाचू दे." अन् पिशवीतून तिनं एक लग्नाची पत्रिका काढली, पालटवली, अन् बोट ठेवून मोठ्यानं वाचायले लागली. "मन... मनकर्णा किल्ल्यावर. कोंबडी सोबत. खालून नवरा हाका मारते. मनकर्णा उतरत नाई."

माय वं! हातातली काच फुटली नाई हेच खूप झालं. ते वाक्य माझं होतं डिंपल. छापलेलं नाई, कोणाले सांगितलेलं नाई, आईले नाई, प्रफुल्लदादाले नाई, तुले बी नाई, फक्त माझ्या डोक्यात राहणारं वाक्य, अन् ते या बाईच्या तोंडून येऊन राहिलं होतं, तंबाखू लावलेल्या दातातून, शहापूरच्या हेलानं. असं वाटलं का मी न्हाणीत केस धुवून राहिली अन् कोणीतरी भिंतच काढून नेली, अन् समोर आख्खा बाजार उभा आहे. पळावं वाटलं. अन् डिंपल, त्याच वेळी गुदगुल्या बी होऊन राहिल्या होत्या. कोणीतरी मनकर्णाचं नाव घेतलं होतं. इतके दिवस तिले फक्त मीच हाक मारत होती.

आता तू विचारशील पत्रिकेवर मनकर्णा कुठून आली. अवं, तुझ्याच पायी आली. तूच तं म्हटलं होतं, कादंबरी लिहायची तं आधी आखून घे, एकेक सीन एकेका कार्डावर लिही, मग ते कार्डं जमिनीवर मांड, इकडचं तिकडं कर, मग लिही. तुले पुण्यात कोणीतरी शिकवलं होतं ते. अन् त्याच हप्त्यात प्रफुल्लदादाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, अन् बाबानं पहिलीच पत्रिका हातात घेतली अन् मटकन खाली बसला. फुफाजीचं नावच नाई! बाबाच्या एकुलत्या एका बहिणीचा नवरा, सोमाजी फुफा, अन् त्याचंच नाव छापायचं राहून गेलं. आपल्याइथं पत्रिका आली का तारीख कोण पाहते? आधी सारे नावं पाहतात, आपलं आहे का, कोणाच्या खाली आहे. अन् त्यात आमचा फुफाजी म्हणजे असा माणूस का दादाच्या बारशात त्याले पान उशिरा दिलं म्हणून तो न जेवता उठून गेला होता. लहानपणी आम्ही त्याले रुसवा फुफा म्हणत होतो, त्याच्या मागून. तं बाबानं पुन्हा छापायले दिलं, या वेळी फुफाजीचं नाव साऱ्यात वर. अन् जुन्या गड्ड्या राहिल्या तशाच, एका पानाच्या, मागून कोऱ्या, चिकन्या. मी म्हटलं, फेकता कायले, मले द्या. झाली माझी सोय.

काय मस्त दिवस होते वं ते. सकाळी नळ यायच्या आधीचा तास माझा. आई उठत नाई, चूल नाई, मोबाईल नाई, मागच्या दारात मी अन् शेजारच्या परसातला मोहाचा वास. ठरवलं होतं का अर्धा वेळ आखायचं अन् अर्धा वेळ लिहायचं. पण आखायले बसली का उठूच वाटे नाई. हिरव्या पेनानं मनकर्णाच्या मनातलं, लाल पेनानं भांडण, निळ्यानं किल्ला. नवऱ्याचं कार्ड वर ठेवू का खाली? कोंबडी आधी येईन का मागून? लिहिणं म्हणजे तलावात पाय टाकणं डिंपल, पाणी थंड राहते, खाली चिखल किती आहे माहीत नाई. अन् आखणं म्हणजे काठावर बसून पाण्याच्या गोष्टी करणं. मी काठावरच बसली. रोज म्हणे, आज एवढा सीन पक्का करते, उद्या लिहीन. अन् नळ येऊन जाय, बादल्या वाजत, अन् माझी गड्डी जाडी होत जाय. कादंबरीचे पानं मोजून तीन. अन् त्यातलं एक तं नुसतं नावाचं.

अन् मनकर्णा कुठून आली ते सांगू का? सहावीत शाळेची सहल आंबागडच्या किल्ल्यावर गेली होती. पोट्टे पोट्ट्या सारे पायऱ्यांवर बोंबलत धावून राहिले होते, अन् वर, भिंतीवर, एक बाई बसली होती. गावातलीच असन. पाय खाली सोडून बसली होती अन् बोरं खाऊन बिया खाली थुंकून राहिली होती. बस. काहीच करत नव्हती. मी उभी राहून पाहतच राहिली. काहून का त्याच्या आधी मी रिकामी बसलेली बाई पाहिलीच नव्हती. माझी आई बसली तरी हातात काहीतरी राहते, तांदूळ निवडते, भाजी खुडते, नाई तं माझी वेणी. त्या बाईच्या हातात फक्त बोरं. मॅडम ओरडल्या, मी खाली आली, पण ती बाई काही माझ्या डोक्यातून उतरली नाई. तिचं नाव मीच ठेवलं, मनकर्णा. कोंबडी मी दिली सोबतीले. अन् शेवटचं कार्ड बी लिहून ठेवलं होतं, लाल पेनानं, का पोराले ताप येते, अन् मनकर्णा उतरते. संध्याकाळ. संपलं. कादंबरी अशीच संपते नं, बाई शेवटी घरी येते.

तं दुकानात ललिताबाई चष्म्यातून माझ्याकडं पाहून राहिली होती. मी कसंबसं विचारलं, "मावशी, हे पत्रिका कुठून भेटली तुमाले?" तं म्हणे, "मोहाडीच्या आनंदरावच्या पोराचं लग्न आहे, सोमाजी देऊन गेला परवा. चार घरं तं माझ्यासमोर वाटले. सारे म्हणून राहिले का मागं हे काय लिवलं आहे. आमच्या घरी एक आहे, शेजारी दुसरंच आहे, तिच्या मागं नुसतं भांडण आहे." आनंदराव म्हणजे माझाच बाबा, अन् लग्नाच्या कामात दोन दिवस मी गड्डीले हातच लावला नव्हता. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुफाजी पत्रिका वाटायले घेऊन गेला होता, अन् आलमारीतून नवी गड्डी सोडून माझी गड्डी घेऊन गेला! ज्या पत्रिकेत त्याचं नाव नाई तेच तो गावोगावी, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गाडीवर! मी हसू का रडू? अन् ललिताबाईले त्याचं काहीच नाई, तिचं बोट त्या ओळीवरच. म्हणे, "मले एक सांग पोरी, हे बाई तिथं वर पाणी कुठून पेते?"

डिंपल, पाणी! माझी आख्खी गड्डी, तीन रंगाचे पेनं, अन् पाण्याचा एक बी सीन नाई. मनकर्णा इतके दिवस उन्हात बसली अन् मी तिले घोटभर पाणी दिलं नाई. शब्द कुठून निघाले मले माहीत नाई, मी नुसती बोलत गेली का, "मावशी, पाणी नेलंच नाई तिनं. पण खालच्या बायाइले दया येते. एक बाई डोक्यावर घागर घेऊन वर जाते. पाणी देते अन् जरा टेकते. टेकते तं बोलत बसते. बोलत बसते तं खाली येतच नाई. मग तिले पाहायले दुसरी जाते." ललिताबाईनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. अन् अशी हसली, अशी हसली का खुर्ची करकर वाजली. म्हणे, "अन् मग खाली सैपाक कोण करते?" मी म्हटलं, "तेच तं! म्हणूनच तं नवरे हाका मारतात!" हे बी मले त्याच घडीले समजलं डिंपल, बोलता बोलता. आधी फक्त एक नवरा होता, बिचारा. आता आख्खं गाव हाका मारून राहिलं होतं, अन् मी काउंटरवर टेकून, घामानं ओली, एका बाईले सांगून राहिली होती जे मले बी माहीत नव्हतं. तलावात पडली होती मी. पाणी गळ्यापर्यंत. अन् मजा येऊन राहिली होती.

ती गेल्यावर आईले फोन लावला. आई एकदम हळू आवाजात, "चूप राह्य! कोणाले बोलू नोको. सोमाजीले समजलं का त्याच्या नावाविना पत्रिका वाटून राहिला, तं लग्नात येणार नाई, अन् तुझ्या आत्याले बी येऊ देणार नाई. वाटल्या तं वाटल्या." मी म्हटलं, "आई, पण माझे सीन?" तं म्हणे, "सीन काय करते वं, इथी लग्न आहे." आता तूच पाय माझी गत. गड्डी परत आणायची तं फुफाजीले विचारावं लागन, अन् फुफाजीले विचारलं का पत्रिका पालटते, अन् पालटली का नावं दिसतात. आख्खी कादंबरी अर्ध्या तालुक्यात घरोघरी खुंटीले लटकली, अन् मी हात लावू शकत नाई. आंबागडच्या नत्थूकाकाचा तं बाबाले फोन आला, म्हणे, "आनंदराव, तुमच्या पत्रिकेत लिवलं का एक बाई किल्ल्यावर बसली आहे, मी जाऊन पाहून आलो, कोणी नाई. उतरली का?" बाबा म्हणते, "हो हो, उतरली." बाबाले काही समजलं नव्हतं, पण पाहुण्याले नाई म्हणायचं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारात बसली अन् सवयीनं हात आलमारीच्या फळीवर गेला. फळी रिकामी. हात तसाच हवेत. काय सांगू, दात पडल्यावर जीभ जशी तिथीच जाते तसं झालं. आता आखू काय? जे आखलं ते आठवे नाई, अन् जे आठवे ते ललिताबाईच्या हसण्यात ओलं झालेलं. मग मी वही घेतली अन् लिहायले लागली. पहिली घागर. घागर नेणारीचं नाव डोमाची बायको, काहून का आमच्या गल्लीत तिले कोणी नावानं हाक मारतच नाई. वर गेल्यावर मनकर्णा तिले विचारते, तुझं नाव काय वं? अन् ती आठवत बसते. नळ आला तरी मी उठली नाई. आई बादली घेऊन मागं उभी, बोंबलली नाई, नुसती उभी. मग स्वतःच भरायले लागली. तो पाण्याचा आवाज बी वहीत आला, वरच्या बायाइले खालचा नळ ऐकू येते, अन् कोणीच उठत नाई, साऱ्या एकमेकीकडं पाहतात अन् हसतात.

पण सारंच गोड नाई झालं, खोटं कायले सांगू. लिहिता लिहिता गाडी सुटली ते सुटलीच. रोज एक नवी बाई वर. कोणी लोणचं आणलं, कोणी सासूलेच घेऊन आली. उतरते कोणीच नाई. नवरे खाली त्याच जागी उभे, त्याइचे घसे बसले, मी त्याइले बसायले बी जागा दिली नाई. रात्र किती झाली, दिवस किती झाले, कोंबडी कुठं गेली, मलेच पत्ता नाई. दुकानात काचा पुसता पुसता भेव वाटे का हे सारं वाहून चाललं, याले काठच नाई. तव्हा वाटे, गड्डी पायजे. काठ पायजे. अन् सकाळी वही उघडली का वाटे, नोको, अजून एक बाई येऊ दे. मी तं दोन बाजूनं ओढली जाऊन राहिली होती, अन् दोन्ही बाजू माझ्याच.

अन् काल हळद. आंगणात मांडवावर जांभळीचे डगाले, पानाच्या फांद्या, टाकणं सुरू, दादा पिवळाजर्द, बाया गाणे म्हणून राहिल्या, अन् फाटकापाशी फुफाजीची गाडी येऊन थांबली. आई पळतच आली, माझा हात दाबला, म्हणजे तोंड उघडू नोको. फुफाजीनं हेल्मेट काढलं, कोणाले जयभीम नाई काही नाई, सरळ माझ्याकडं आला. "हर्षा, इकडं ये." मी गेली. गाडीच्या डिक्कीतून त्यानं काय काढलं असन? माझी गड्डी. रबर लावलेली. म्हणे, "मोजून घे. दोन घरच्या भेटल्या नाई, एक बकरीनं खाल्ली."

मी म्हटलं, "फुफाजी, तुमाले माहीत होतं?" तं म्हणे, "पहिल्याच घरी समजलं. आंबागडात नत्थूनं मोठ्यानं सारे नावं वाचले. माझं आलं नाई." "मग तुमी परत काहून नाई आले?" तं हेल्मेटची पट्टी नीट करत म्हणे, "गाडीत पेट्रोल भरलं होतं नं." मग म्हणे, "रुसलो होतो. खोटं नाई बोलत. मनात म्हटलं, सारे वाटून देतो अन् लग्नात येतच नाई, मग पाहतो आनंदराव काय करते. आंबागडपासून शहापूरपर्यंत रुसलो होतो. तिथी ललिताबाईनं मागची बाजू वाचायले लावली. तिचा चष्मा बनायचा होता, तं मले म्हणे, तूच वाच. मी वाचलं का बाई किल्ल्यावर बसली अन् उतरत नाई." फुफाजी हसला डिंपल. मी त्याले हसताना पाहिलं नव्हतं, त्याचे वरचे दात केवढे आहेत. म्हणे, "मले वाटलं, हे तं माझ्यासारखीच आहे. मग पुढच्या घरी दुसरी वाचली. मग तिसरी. रुसायचं राहूनच गेलं." नंतर अजून पत्रिका न्यायले आला तं दादानं नवी गड्डी दिली, त्यात त्याचं नाव साऱ्यात वर. मग त्याले समजलं का काय घोटाळा झाला. अन् मग तो पुन्हा फिरला, घरोघरी, नवी देऊन जुनी परत घेत. लोक द्यायले तयार नाई म्हणे. नत्थूकाका तं भांडला.

अन् मग त्यानं गड्डी माझ्यापुढं धरली. "घे. तुझं आखलेलं सारं यात आहे. शेवटचं कार्ड बी आहे, मी वाचलं." मी विचारलं, "कसं वाटलं?" तं मान हलवली. "लेकराले ताप आला म्हणून उतरते म्हणे. हे तं कोणीबी उतरन. पण तुझी गोष्ट आहे, तू जाण." मागं गाणे चालले होते, हळदीचा वास, जांभळीच्या पानाचा वास, आई दुरून पाहून राहिली का भांडण होते का काय. माझा हात पुढं गेला. बोटं त्या चिकन्या पुठ्ठ्याले लागले बी. सारे नवरे, सारे दिवस, कोंबडी, काठ, सारं त्या रबराच्या आत. अन् दुसरीकडं वरच्या बाया, अर्धं बोलून थांबलेल्या, माझ्याकडं पाहून राहिल्या का आता हे आम्हाले खाली पाठवते का काय.

मी हात मागं घेतला. म्हटलं, "फुफाजी, तुमच्याचपाशी ठेवा. मी रोज सकाळी लिहीन. लिहून झालं का मग तुमाले फोन करीन, अन् तुमी एक कार्ड वाचून दाखवा. फक्त एक. लिहिलं नाई तं वाचायचं नाई, मी कितीबी रडली तरी." फुफाजीनं गड्डीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. म्हणे, "हे काम मले? घरात इतके शिकलेले आहेत." मी म्हटलं, "हाव, तुमालेच. तुमच्याएवढं अडून बसणं कोणाले येते?" बाप्पा, निघून गेलं तोंडातून! मी जीभ चावली. पण तो रुसला नाई. गड्डी शर्टाच्या आत घातली, वरून बटन लावलं, अन् मोठ्या ऐटीत विचारते, "किती दिवस ठेवायची?"

मी म्हटलं, "मनकर्णा उतरेपर्यंत."

"अन् नाईच उतरली तं?"

मी हसत सुटली डिंपल, अन् तो बी, अन् आई दुरून कपाळाले हात लावून. आज सकाळी लग्नाच्या गडबडीत बी मी एक पान लिहिलं, अन् फोन केला, अन् त्यानं मांडवातूनच, वाजंत्रीच्या आवाजात, ओरडून एक कार्ड वाचलं. आता तू सांग. आखायचं तूच मले शिकवलं, कार्डं तुझेच. इतके दिवसाची तुझी मेहनत अन् माझी, अशी समोर धरली असती कोणी, रबर लावून, तं तू काय केलं असतं वं?